दाण्यातली साखर

जपानी स्वयंपाकात मिरिन नावाचे एक गोड मद्य वापरतात. रंग पातळ केलेल्या मधासारखा, आणि बाटलीमागचे अक्षर वाचता येईल इतके ते नितळ. मासळीचा वास मारायला, भाजलेल्या ईलवर चकाकी आणायला, सोबाच्या सारात तिखट-खारट चवींना सांधायला त्याचा उपयोग होतो. अस्सल मिरिनमध्ये साखर चमचाभरही घातलेली नसते. सगळी गोडी तांदळाच्या दाण्यातून आलेली असते.

आडुतुरैच्या भातसंशोधन केंद्राविषयी लिहायला बसून मी मिरिनपासून सुरुवात केली, हे वाचकांना विचित्र वाटेल. पण १९६०च्या दशकात या केंद्रातून बाहेर पडलेल्या एका जातीचे कावेरीकाठी काय झाले, ते समजून घ्यायला मिरिनच्या पिंपाइतकी सोयीची जागा मला दुसरी सापडलेली नाही. दोन्हीकडे तांदूळ, दोन्हीकडे जपानशी नाते, आणि दोन्हीकडे पिठूळ स्टार्चची साखर करणारी तीच रासायनिक करामत. एकीकडे तिच्यासाठी दोन महिने वाट पाहतात. दुसरीकडे ती दोन रात्रींत झाली आणि शेतकरी बसला.

मिरिनची कृती ऐकायला सोपी आहे. वाफवलेला चिकट तांदूळ, कोजी आणि शोचू नावाचे ऊर्ध्वपातित मद्य एकत्र करून चाळीस ते साठ दिवस मुरू द्यायचे. कोजी म्हणजे वाफवलेल्या तांदळावर मुद्दाम वाढवलेली अॅस्परजिलस ओरायझी ही बुरशी. ती स्वतःच्या पोटासाठी विकरे, म्हणजे आपण सर्रास एन्झाइम म्हणतो ती, बाहेर सोडते. त्यातले अल्फा अमायलेज स्टार्चच्या लांब साखळ्या मधूनच तोडते. ग्लुकोअमायलेज तुटलेल्या तुकड्यांच्या टोकाला बसून एकेक ग्लुकोज सुटे करते. एरवी अशी साखर तयार झाली की यीस्ट तिच्यावर ताव मारते आणि तिचे मद्य होते. साकेमध्ये तेच होते. मिरिनमध्ये शोचूतले अल्कोहोल यीस्टला उभे राहू देत नाही. विकरांचे काम मात्र त्या अल्कोहोलमध्येही सावकाश चालू राहते. म्हणून साखर साठत जाते, चाळीस टक्क्यांच्याही वर, आणि अल्कोहोल १४ टक्क्यांच्या आसपास राहते.

चिकट तांदूळच का, यालाही कारण आहे. तांदळातल्या स्टार्चचे दोन प्रकार: सरळ साखळीचे अमायलोज आणि फांद्या फुटलेले अमायलोपेक्टिन. आपल्या सुट्या, मोकळ्या भाताच्या इंडिका जातींत अमायलोज पंचवीस टक्क्यांच्या पुढेही असते. जपानच्या रोजच्या तांदळात ते पंधरा-वीस टक्के, आणि चिकट तांदळात जवळजवळ नसतेच. अमायलोज शिजून थंड झाले की पुन्हा घट्ट होते आणि विकराला दाद देत नाही. चिकट तांदूळ मऊच राहतो आणि विरघळतो.

खरी गंमत पुढे आहे. ज्या विकरांनी गोडी आणली, तीच मिरिन गढूळ करतात. विकर म्हणजे शेवटी प्रथिन. काम संपले तरी ते द्रवात तसेच तरंगत असते; तापवले किंवा बरेच दिवस ठेवले की त्याची घडी विस्कटते, एकाला दुसरे चिकटते आणि बाटलीत पांढुरके ढग दिसू लागतात. जुन्या जपानी कारागिरांनी यावर कच्च्या पर्सिमनचा तुरट रस शोधला होता. पर्सिमन म्हणजे आपल्या टेंभुर्णीच्या कुळातले फळ. त्याच रसाने जपानी कोळी जाळी माखत. त्यातले टॅनिन प्रथिनांना पकडून तळाशी नेते आणि वरचे द्रव निवळते. अलीकडच्या कारखान्यांत याच कामासाठी प्रथिने तोडणारे दुसरे विकर, प्रोटिएज, वापरता येते. आणि गोडी कमी पडली तर साखर सोडवणारे तयार विकरही वरून घालता येते. विकराने केलेली घाण दुसऱ्या विकराने काढायची, असा हा मामला आहे.

मिरिनचा उल्लेख १५९३च्या एका जपानी रोजनिशीत सापडतो. तेव्हा ते पिण्याचे गोड मद्य होते, ज्यांना कडक मद्य नको त्यांच्यासाठीचे. एदो काळाच्या उत्तरार्धात आजच्या टोकियोजवळच्या नागारेयामा गावातल्या फिकट, नितळ मिरिनचे नाव झाले, आणि मग सोबाच्या नि ईलच्या दुकानांनी ते चुलीपाशी नेले.

नितळपणाचे हे वेड आपल्याला परके वाटायचे कारण नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे एक पूर्ण प्रकरण आहे. त्यात ‘किण्व’ म्हणजे आंबवण्याचे विरजण कसे करायचे ते सांगितले आहे, आणि मद्यांच्या प्रकारांत एकाचे नाव आहे ‘प्रसन्ना’. प्रसन्न म्हणजे मुळात निवळलेले, तळ दिसणारे. आज आपण प्रसन्न चेहरा, प्रसन्न सकाळ म्हणतो तेव्हा तो जुना अर्थ मागे कुठे तरी उभा असतो. घागरीच्या आतल्या अंगाला निवळीची बी घासून पाणी स्वच्छ करण्याची रीत महाराष्ट्रातही होती आणि तमिळ खेड्यांतही. तिथे त्या बीला ‘तेत्तान् कोट्टै’ म्हणतात. हे सारे मला मुद्दाम सांगावेसे वाटते, कारण आंबवणे, गोड करणे, निवळवणे ही विद्या फक्त जपानची, असा एक भाबडा समज हल्लीच्या खाद्यलेखनात फार दिसतो.

जपानचे वेगळेपण निराळ्या ठिकाणी आहे. त्यांनी बुरशी पाळली, जशी आपण गाय पाळतो. आणि त्या पाळीव बुरशीचे विकर वेगळे काढून बाजारात आणणारा माणूसही त्यांचाच. जोकिची ताकामिने १८५४ साली जन्मला. आईचे माहेर साके करणाऱ्यांचे. ग्लासगोला शिकून आला, टोकियोत खतांचा कारखाना काढला, १८९० साली अमेरिकेला गेला. त्याचे म्हणणे साधे होते: व्हिस्कीसाठी बार्लीला मोड आणून माल्ट करण्यात इतके दिवस आणि इतके धान्य घालवता कशाला? गव्हाच्या कोंड्यावर कोजीची बुरशी वाढवा, काम होते. इलिनॉयमधल्या पिओरियात त्याने ते करूनही दाखवले. माल्टवाल्यांचा धंदा बसणार हे उघड होते, त्यांचा विरोधही उघड होता. १८९१ मध्ये तिथला कारखाना जळाला. ताकामिनेने मग मद्याचा नाद सोडून विकरच औषध म्हणून विकायला काढले. १८९४ साली त्याला अमेरिकन पेटंट मिळाले आणि पार्क-डेव्हिस कंपनीने ‘टाका-डायस्टेस’ जगभर पोचवले. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीनंतर जिलब्यांनी हैराण झालेले काका खिशातून जी काळी गोळी काढतात, तिच्या वेष्टनावर ‘फंगल डायस्टेस’ असे लिहिलेले असते. ती या टाका-डायस्टेसचीच नातवंडे. जपानी कोजी मराठी पोटात शिरली ती अशी, कोळशाच्या भुकटीबरोबर.

ताकामिने १९२२ साली वारला. त्याच वर्षी मद्रास सरकारने आडुतुरैला भातसंशोधन केंद्र सुरू केले. हा निव्वळ योगायोग, त्यातून काही काढायचे नाही.

कुंभकोणमहून मायिलाडुतुरैकडे जाताना दहा-बारा किलोमीटरवर आडुतुरै लागते. वाटेत तिरुविडैमरुदूर येते, मराठी कागदपत्रांतले मध्यार्जुन. तंजावरची गादी गेल्यावर अमरसिंह भोसले तिथे येऊन राहिला. या सगळ्या पट्ट्यात मराठी घरे विखुरलेली आहेत. आमचेही त्यांतले एक: उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर तमिळ, आणि ताटात दोन्हींचे मिश्रण. एकोजीराजांच्या काळात रघुनाथपंडित नवहस्तांनी ‘भोजनकुतूहल’ लिहिले, त्याची सुरुवातच धान्यांपासून होते; साळीच्या कोणत्या जाती हलक्या, कोणत्या जड, याचा त्यात विचार आहे. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत मोड आलेले धान्य जड आणि डोळ्यांना वाईट म्हटलेले आहे. सकाळी मोड आलेली मटकी खाऊन निरोगी राहू पाहणाऱ्यांना ते पटणार नाही. पण भातशेतीच्या मुलखात राहणाऱ्याला त्यामागची धास्ती कळते. पेवात, कणगीत, खळ्यावर धान्याला मोड आला तर तो धान्याचा शेवट असतो.

जपान आपल्या भातात दोनदा आला. पहिल्यांदा पद्धत म्हणून. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला बोरिवलीच्या कोरा केंद्रात ‘जपानी पद्धतीची भातशेती’ करून पाहिली गेली आणि १९५२-५३ पासून सरकारने तिची देशभर मोहीम चालवली. उंच वाफ्यावर रोपे, ओळीत लावणी, मोजून खत. ठाणे, कुलाब्याच्या जुन्या शेतकऱ्यांच्या बोलण्यात ‘जपानी लावणी’ हा शब्द पुढे कितीतरी वर्षे होता.

दुसऱ्यांदा तो वंश म्हणून आला. जपोनिका जाती खताला चांगला प्रतिसाद देतात, पण आपल्या उन्हात आणि दिवसमानात टिकत नाहीत. इंडिका टिकतात, पण खत जास्त झाले की नुसत्या वाढतात आणि लोळतात. दोघींचा संकर करावा म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेच्या मदतीने कटकच्या मध्यवर्ती भात संशोधन संस्थेत मोठा कार्यक्रम सुरू झाला. संकरांचे बी राज्याराज्यांच्या केंद्रांकडे गेले. दोन्ही वंशांचे सहज जमत नाही, पुढच्या पिढीत पळिंजच फार निघते. शेकडो संकरांतून शेवटी शेतात टिकल्या त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या जाती. मलेशियाची माहसुरी त्यांतली एक. दुसरी आडुतुरैची: एडीटी २७, १९६५ साली प्रसारित झालेली.

तिच्या आईबापांची नावे रुक्ष आहेत. एक नोरिन १०. नोरिन म्हणजे जपानी भाषेत शेती-वने. सरकारी जातींना तिथे प्रत्येक पिकासाठी असे क्रमांक देत. ज्या नोरिन १० गव्हाने बोरलॉगच्या हातून जगाची गहूशेती बदलली तो निराळा, हा भात निराळा. दोघांची गल्लत छापील पुस्तकांतही मी पाहिली आहे. दुसरा पालक जीईबी २४, कोइमतूरचा १९२१चा, बारीक दाण्याचा आणि चवीचा. ही अक्षरे म्हणजे मद्रास सरकारच्या ‘गव्हर्नमेंट इकॉनॉमिक बॉटनिस्ट’ या पदाची आद्याक्षरे. फायलीतला हुद्दा असा ताटात पोचला.

एडीटी २७ साधारण १०५ दिवसांत तयार होई. तंजावर जिल्हा १९६०पासूनच सघन शेती कार्यक्रमात होता. खत, कर्ज, बी पोचवायची यंत्रणा तयार होती. मेट्टूर धरणाचे पाणी रूढीप्रमाणे १२ जूनला सुटते. त्यावर कुरुवै हंगामाचे पीक घ्यायचे, ते लवकर काढायचे आणि त्याच शेतात ताळडीचे दुसरे पीक लावायचे, हे गणित या जातीने जमवले. काही हंगामांतच ती कुरुवैच्या शेतांत सर्वत्र दिसू लागली.

गणितात एकच गोष्ट सुटली होती. कुरुवैची कापणी सप्टेंबर-ऑक्टोबरात येते, आणि ऑक्टोबरातच ईशान्य मोसमी पाऊस तमिळनाडूत उतरतो.

भाताच्या बऱ्याच जुन्या जातींत पिकलेला दाणा काही आठवडे झोपून असतो. पाणी मिळाले तरी उगवत नाही. यालाच सुप्तावस्था म्हणतात. एडीटी २७मध्ये ती नव्हती. पीक उभे असताना किंवा कापून पेंढ्या शेतात असताना पाऊस लागला की दाण्यातला अंकुर जागा होई. अंकुर जागा झाला की तो जिबरेलिन हे संप्रेरक सोडतो. जिबरेलिनचा शोधही जपानी भातातलाच. रोपे वेड्यासारखी उंच वाढून कोसळतात असा तिथे एक रोग होता, त्याला ‘बाकानाए’, म्हणजे मूर्ख रोप, म्हणत. १९२६ मध्ये कुरोसावाने दाखवले की हे एका बुरशीच्या स्रावाचे काम आहे. तेच द्रव्य दाण्याच्या सालीखालच्या थराला निरोप देते: अमायलेज तयार कर. अमायलेज स्टार्च तोडू लागते. मिरिनच्या पिंपात बुरशी जे बाहेरून करते, तेच दाणा स्वतःच्या आत करतो.

असा दाणा दिसायला सुरुवातीला फारसा वेगळा नसतो. आमच्याकडे आजी खळ्यावरचा एक दाणा तूस काढून दाताखाली धरायची. चावताना गोड लागला की ती पोत्याकडे पाहायचीही नाही. ‘गोड झालंय, हे गेलं,’ एवढेच म्हणायची. माझ्या लहानपणी गोड हा शब्द वाईट बातमीसाठी वापरलेला मी तेवढ्याच एका ठिकाणी ऐकला. असा तांदूळ कांडताना तुटतो, शिजवला तर खीर होते, भात होत नाही.

कावेरीकाठच्या लोकांकडे विकर थांबवण्याची एक जुनी युक्ती होती आणि आहे: उकडा तांदूळ. भात भिजवायचे, वाफवायचे, वाळवायचे. वाफेच्या उष्णतेने विकरे निकामी होतात, दाणा पुन्हा जागा होत नाही आणि कांडताना कमी तुटतो. पण उकडल्यावर ते वाळवायला गिरण्यांसमोरची फरसबंद अंगणे होती, आणि अंगणाला ऊन लागते. पंधरा-पंधरा दिवस आभाळ न उघडणाऱ्या ऑक्टोबरात ओल्या भाताचे ढीग गरम होऊ लागले. नासाडी एवढी झाली की १९६७ मध्ये तिरुवारूरच्या सहकारी आधुनिक भातगिरणीत यावर उपाय शोधायला एक लहानशी प्रयोगशाळा काढावी लागली. १९७२ मध्ये तिचे भातप्रक्रिया संशोधन केंद्र झाले. पुढे ते तंजावरला गेले, आणि आज राष्ट्रीय दर्जाची अन्नतंत्रज्ञान संस्था म्हणून जे उभे आहे, त्याचे मूळ या ओल्या, गोड झालेल्या भातात आहे.

तिथल्या सुरुवातीच्या उपायांतला एक मला फार आवडतो, कारण तो कोणाही बाईला सुचला असता: ओल्या भातात मीठ आणि तूस मिसळून ठेवणे. मीठ दाण्यातले पाणी ओढून घेते, मोड थांबतो, बुरशी आवरते, आणि ऊन येईपर्यंतचे काही दिवस हातात येतात. जपानमध्येही स्वयंपाकाच्या काही गोड मद्यांत मीठ घालतात. तिथे कारण वेगळे: खारे केले की ते पिण्याजोगे राहत नाही आणि मद्यावरचा कर चुकतो.

या भाताच्या घाईचा दुसरा परिणाम प्रयोगशाळेत मावणारा नव्हता. कुरुवै कापायची आणि लगेच ताळडी लावायची, तीही पावसाच्या आधी, तर मजुरांचे हात एकाच पंधरवड्यात दुप्पट लागतात. मजुरी भाताच्या मापात दिली जाई. जास्त पिकले तर माप थोडे वाढवा, ही मागणी शेतमजुरांच्या संघटनेने लावून धरली. जमीनदारांनी बाहेरचे मजूर आणले. २५ डिसेंबर १९६८च्या रात्री, तेव्हाच्या पूर्व तंजावरातल्या कीळवेण्मणी गावात एका झोपडीत आसरा घेतलेल्या ४४ दलितांना जाळून मारले गेले. त्यांत बहुतेक बायका आणि मुले होती. उच्च न्यायालयात आरोपी जमीनदार सुटले. हरितक्रांतीची पुस्तके ही घटना बहुधा वेगळ्या प्रकरणात टाकतात. मला तसे करता येत नाही. कोणत्या दिवशी कापायचे, किती लवकर, आणि त्या दिवसाच्या हातांना काय द्यायचे, हे प्रश्न एडीटी २७च्या १०५ दिवसांतच गुंतलेले होते. मात्र या हत्याकांडाचा दोष बियाण्यावर ढकलणे हाही माणसांना सोडून देण्याचाच प्रकार होईल. जमीन कोणाची आणि वस्ती कुठे, हे त्या बियाण्याच्या फार आधी ठरलेले होते.

एडीटी २७ आता कुरुवैचे मुख्य पीक राहिलेली नाही. आडुतुरैच्या केंद्राला १९८५ मध्ये तमिळनाडू भातसंशोधन संस्थेचा दर्जा मिळाला, नव्या जाती निघत राहिल्या, आणि कुरुवैसाठी जात निवडताना दाण्याची झोप किती दिवसांची हे आता आधी विचारले जाते. फार झोपाळू जातही चालत नाही, कारण तेच बी शेतकऱ्याला पुढच्या हंगामात उगवायला हवे असते. दोन-चार आठवडे झोप, मग जाग. मिरिन करणाऱ्यालाही शेवटी हेच साधायचे असते: विकराने काम करावे, पण ठरल्या दिवशी थांबावे. त्याच्याकडे मात्र बंद पिंप आहे, आणि तापवायला भट्टी.

शेतकऱ्याकडे सरकारी खरेदी केंद्र आहे. तिथे भातात १७ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. ऑक्टोबर आला की कावेरीकाठचे शेतकरी ही मर्यादा २२ टक्क्यांपर्यंत वाढवा म्हणून मागणी करतात, दिल्लीहून पथक येते, ढिगांतून नमुने घेऊन जाते, आणि बऱ्याचदा सवलतीचा आदेश येईपर्यंत रस्त्याकडेला ताडपत्रीखाली ठेवलेल्या भाताला हिरवट पांढरे मोड फुटलेले असतात. मोड आलेल्या आणि डागी दाण्यांची मर्यादा निराळी असते, ५ टक्के. केंद्रावरचा माणूस मूठभर भात हातावर घेतो, बोटाने पसरतो आणि मोड मोजू लागतो.